बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर संस्कृतमध्ये पुन्हा पहिल्यापासून बी.ए. – कुणी केलं आहे का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणची. २०१७ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाले, विषय केमिस्ट्री. तेव्हापासून लोटे एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये आहे. वय २९. काम आवडतं, सोडायचं नाही. पण संस्कृतमध्ये बी.ए. करावं असं गेले वर्षभर डोक्यात आहे. घरात हा विषय काढला की जेवणाची ताटं गार होतात, म्हणून इथे विचारते आहे.

कारण सांगते, नाहीतर नुसती हौस वाटेल. माझे आजोबा गुहागर तालुक्यात वैद्य होते. मी चौथीत असताना गेले. गेल्या मे महिन्यात गावचं घर शाकारायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडाची बासनं निघाली. अकरा पोथ्या. दोन वाळवीने खाल्ल्या आहेत, बाकीच्या वाचता येण्याजोग्या. अक्षर देवनागरी, टपोरं, काळ्या शाईतलं. 'पारद', 'गन्धक', 'भस्म', 'पुट' असे शब्द ओळखू येतात. म्हणजे हे रसशास्त्र आहे, पारा-गंधकाची औषधं करण्याची आयुर्वेदातली विद्या, माझ्याच धंद्यातलं. आणि तरीही एक ओळ सलग लागत नाही. एका पानावर हे आहे:

सूतंगन्धंसमंकृत्वाखल्वेमर्दयेत्

शब्द तोडायचे कुठे तेच कळत नाही. मला वाटलं सूत म्हणजे धागा, गंध म्हणजे उगाळलेलं चंदन. दहावीला संपूर्ण संस्कृत होतं, १०० पैकी ९६ होते. ते ९६ कुठे गेले देव जाणे, मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

पोथ्या कुणा जाणकाराला देऊन टाक, ते वाचतील, असं काका म्हणतात. द्यायच्या तर आहेतच, स्कॅनही करायच्या आहेत. पण मला त्या स्वतः वाचायच्या आहेत. आजोबा रोज सकाळी खलात काय घोटायचे हे मला कुणा तिसऱ्याकडून ऐकायचं नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांचं म्हणणं: "एवढा खर्च करून तुला एक पायरी चढवली, आता तू उतरून परत खालच्या पायरीवर उभी राहणार? पुढचं शीक. एम.ए. कर, एमबीए कर." त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

प्रश्न असे:

बी.एस्सी. असताना थेट एम.ए. संस्कृत करता येतं का? येत असेल तर बी.ए. करण्यात अर्थ आहे का?

बी.एस्सी.चे काही पेपर माफ होतात का?

नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून केलं तर त्या पदवीला पुढे किंमत राहते का? पुढेमागे हस्तलिखितांवर पीएच.डी. करावी असं मनात आहे.

---

गोदाकाठ

थेट एम.ए. करता येतं. इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) एम.ए. संस्कृतला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाच्या एम.ए.लाही कुठल्याही शाखेची मुलं येतात, माझा भाऊ बी.कॉम. करून गेला. दोन वर्षांत काम होत असताना तीन वर्षं बी.ए.त का घालवायची? प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षाही एम.ए.च्या जोरावर देतात. वडिलांचं बरोबर आहे, ताई.

---

सीना

वरच्या प्रतिसादातली माहिती बरोबर आहे. सल्ला मात्र मला पटत नाही, कारण नेमका तोच रस्ता मी धरला होता.

मी सोलापूरची, बँकेत आहे. २००३ची बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. संस्कृतची ओढ लहानपणापासून, आजी स्तोत्रं म्हणायची तिच्यामुळे. २०१२ला एका विद्यापीठाच्या (नाव घेत नाही) दूरशिक्षणातून थेट एम.ए. संस्कृतला नाव घातलं. प्रवेशाच्या वेळी कुणीही विचारलं नाही की बाई, तुला शब्द चालवता येतात का, म्हणजे त्यांची सगळ्या विभक्तींतली रूपं म्हणता येतात का? मला 'राम' आणि 'माला' येत होतं. 'राजन्' येत नव्हतं. आणि समोर पेपर अलंकारशास्त्राचा, व्याकरणाचा, वेदाचा. मी काय केलं? गाईडं आणली. श्लोकाखालचं मराठी भाषांतर पाठ केलं, 'ससंदर्भ स्पष्टीकरण' पाठ केलं. बँकेतून साडेसातला घरी यायचं आणि अकरापर्यंत घोकायचं. २०१४ला दुसऱ्या वर्गात पास झाले. घरी पेढे वाटले.

पुढच्याच वर्षी पुण्यात हस्तलिखितांच्या एका कार्यशाळेला गेले. दहा दिवसांची होती. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी एका पोथीचं पान पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "पदच्छेद करून अन्वय लावा." म्हणजे जोडलेले शब्द तोडून वाक्याच्या क्रमाने लावा. अगदी साधं पान होतं. माझ्या शेजारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी बसली होती, तिने पाच मिनिटांत लावला. मी एम.ए. असून कोरा कागद घेऊन बसले होते. बाईंनी मला जराही दुखावलं नाही, पण परतीच्या गाडीत मी पार भिगवणपर्यंत रडत होते.

त्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं. एम.ए. झाल्यावर बी.ए. २०१५ ते २०१८. लोक काय म्हणाले ते सोडून देते.

तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगते, बी.ए.त असं काय मिळालं जे एम.ए.त मिळालं नाही. पहिल्या वर्षी रोज सकाळी साडेपाचला उठून एक शब्द आणि एक धातू मोठ्याने चालवायचा. नदी, वधू, मातृ, राजन्, जगत्, मनस्. लट्, लङ्, लोट्, विधिलिङ् हे लकार, म्हणजे क्रियापदाचे काळ आणि अर्थ. सकाळी मोठ्याने म्हटलेलं दिवसभर डोक्यात फिरत राहतं, कॅश मोजतानासुद्धा. दुसऱ्या वर्षी संधी सोडवायच्या, समासांचे विग्रह करायचे. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास एक दिवस असा आला की श्लोक वाचला आणि भाषांतराकडे नजर न जाता अर्थ लागला. एकच श्लोक. तो दिवस मला अजून आठवतो, चहा उतू गेला होता. एम.ए.ला हे सगळं येतं असं धरूनच सुरुवात होते. ते चुकीचं नाही, तिथली पातळीच ती आहे.

आता तुमची ओळ. तिच्यात अवघड काही नाही, तुम्हाला एका वर्षात येईल:

सूतम् । गन्धम् । समम् । कृत्वा । खल्वे । मर्दयेत् ।

रसशास्त्रात 'सूत' म्हणजे पारा. 'गन्ध' म्हणजे गंधक. 'समं कृत्वा' म्हणजे सारखे घेऊन, 'कृत्वा' हे त्वान्त अव्यय. 'खल्वे' ही सप्तमी, खलामध्ये. 'मर्दयेत्' हे विधिलिङ्: घोटावे, खलावे. पारा आणि गंधक समभाग घेऊन खलात घोटावेत. ही कज्जली, म्हणजे पारा-गंधक घोटून होणारी काळी पूड, करण्याची कृती आहे. तुमचे आजोबा सकाळी काय घोटायचे याचं एक उत्तर कदाचित हेच असेल.

आणि विधिलिङ् तुम्हाला परका नाही. तुमच्या लॅबच्या एसओपीत (कामाच्या ठरलेल्या कृतीत) प्रत्येक वाक्य 'घ्यावे, ढवळावे, गाळावे' असंच असतं ना? रसशास्त्रातल्या कितीतरी कृती त्याच लकारात लिहिलेल्या आहेत. केमिस्ट माणसाला हे ग्रंथ लवकर जवळचे होतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. पाऱ्याच्याच संयुगांवर काम करणारा माणूस, मर्क्युरस नायट्राइटवरचा शोध १८९६चा, आणि त्यांनीच पुढे रसशास्त्राच्या पोथ्या धुंडाळून भारतीय रसायनाच्या इतिहासाचे दोन खंड लिहिले, १९०२ आणि १९०९ साली.

माफीचं विचारलंत. बी.एस्सी.चे पेपर माफ होतील असं धरू नका. आता क्रेडिट बँक आहे, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे गुणांक (क्रेडिट्स) जमा ठेवणारं सरकारी खातं, पण एका पदवीसाठी वापरलेली क्रेडिट्स त्या खात्यातून वजा होतात, दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा चालत नाहीत. शिवाय तुमची पदवी २०१७ची, ती बँक २०२१ची. पर्यावरण आणि इंग्रजी मला बी.ई. असूनही परत द्यावं लागलं. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला होता. आणखी एक: साधं बी.ए. घेतलंत तर निम्म्याहून जास्त पेपर संस्कृतचे नसतात. माझ्याकडे इतिहास आणि मराठीही होतं. म्हणून ज्यात संस्कृत मुख्य विषय आहे असाच अभ्यासक्रम निवडा, पेपरांची यादी मागवून स्वतः मोजा.

किमतीचं म्हणाल तर मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षाची मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघूनच पैसे भरा. जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

---

गोदाकाठ

सीनाताई, माझा प्रतिसाद घाईचा होता. भावाला विचारलं. तो म्हणाला पुरातत्त्वात सगळेच शून्यापासून सुरुवात करतात म्हणून निभावलं, भाषेत निभत नाही. पण मग पोथी वाचायला पदवी तरी कशाला? संस्कृत भारतीची दहा दिवसांची शिबिरं असतात, गावात कुणी शास्त्री असतील तर त्यांच्याकडे बसावं. तीन वर्षं फी, परीक्षा, असाइनमेंट कशासाठी?

---

सीना

शिबिर मी केलं आहे, जरूर करावं. तोंड उघडतं, भीती जाते. पण तिथे बोलायला शिकवतात. पोथीतली चार-चार पदं जोडलेली ओळ तिथे समोर येत नाही. शास्त्री मिळाले तर सोन्याहून पिवळं. माझ्या ओळखीतल्या तिघांनी शास्त्रीबुवांकडे सुरुवात केली आणि पहिल्या लग्नसराईत तिघांचाही खंड पडला. परीक्षा असली की माणूस बसतो. आणि त्यांना पीएच.डी. करायची आहे, तिथे कागद लागतोच.

---

मांजरा

मी बी.ए. नंतर बी.कॉम. केलं, लातूरला. अभ्यासाचं सीनाताईंनी सांगितलं, मी कागदांचं सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं: शिष्यवृत्तीच्या भरवशावर दुसऱ्या पदवीला प्रवेश घेऊ नका. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नियम आहे की एक टप्पा पूर्ण केलेला विद्यार्थी त्याच टप्प्यावर दुसरा अभ्यासक्रम करत असेल तर तो पात्र नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. हे उदाहरण त्या नियमातच दिलेलं आहे, म्हणजे माझाच दाखला म्हणा. कॉलेजात मला "भरा फॉर्म, होऊन जाईल" असं सांगितलं गेलं. फॉर्म छाननीत बाद झाला तेव्हा पहिलं सत्र संपत आलं होतं आणि पूर्ण फी एकदम भरायची वेळ आली. आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या सोडवल्या नंतर, पण ती दिवाळी मी विसरलेलो नाही. कुणाचंही असं होऊ नये म्हणून जिथे हा विषय निघेल तिथे लिहितो.

दुसरं, बारावीची मार्कलिस्ट शोधून ठेवा. दुसरी बॅचलर पदवी असली तरी प्रवेश बारावीवर होतो. पदवीचं प्रमाणपत्र तिथे कुणी बघत नाही. नियमित कॉलेज असेल तर टी.सी., विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन (आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र) आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. मूळ टी.सी. एकदा जमा झाला की परत मिळायला हेलपाटे, म्हणून आधीच चार झेरॉक्स काढून साक्षांकित करून घ्या. मुक्त विद्यापीठात हा ताप कमी. तिथे आता एबीसी क्रमांक (त्या क्रेडिट बँकेतल्या खात्याचा) आणि डीईबी-आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा) लागतो, दोन्ही आपल्याला घरबसल्या काढता येतात. आधारवरचं नाव आणि मार्कलिस्टवरचं नाव जुळतंय ना तेवढं पाहा. लग्न झालेल्या बायकांचं इथेच अडतं.

---

बावीसचा_बीकॉम

मधेच विचारतो, माफ करा. माझं बी.कॉम. झालंय, बारावी कॉमर्स. गणिताचा शिक्षक व्हायचंय म्हणून बी.एस्सी. गणित करायचं आहे. होईल?

---

मांजरा

भाऊ, इथेच ती बारावी आडवी येते. आपल्याकडे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बारावी सायन्स लागते. बी.कॉम.ला कितीही टक्के असले तरी उपयोग नाही. सायन्सवाल्याला बी.ए.ला येता येतं, उलट जाता येत नाही. खरंच गणितच करायचं असेल तर आधी बारावी सायन्सचं बघावं लागेल. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर बोलू. तुझं वय आहे अजून.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कंपनीत ऑडिट होतं, दहा दिवस घरी फक्त झोपायला येत होते.

सीनाताई, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. भिगवणपर्यंत रडल्याचं वाचताना माझाच आवाज गेला. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आत गेले आणि माझी बारावीची मार्कलिस्ट घेऊन आले. ती त्यांनी एलआयसीच्या फायलीत लावून ठेवलेली होती, मला माहीतसुद्धा नव्हतं. म्हणाले, "मूळ देऊ नको कुणाला, आधी झेरॉक्स काढ." म्हणजे मांजरादादांचंही त्यांनी ऐकलं.

ठरवलं आहे ते असं. इग्नूच्या पुढच्या सत्राला बी.ए., संस्कृत मुख्य विषय घेऊन. सत्रं जानेवारी आणि जुलै अशी दोन असतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला, असाइनमेंटला ३० टक्के. तीन वर्षांचं आहे, पण सहा वर्षांपर्यंत पूर्ण करायची मुभा आहे, आणि मला त्याचाच मोठा आधार वाटतो, कारण ऑडिटचे महिने माझ्या हातात नसतात. पेपरांची यादी काढून मोजली, ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. संस्कृतचे पेपर पुरेसे आहेत. एम.ए. त्यानंतर. तोवर मी ३४ची होईन, होऊ दे.

पोथ्यांचं म्हणाल तर वाळवी लागलेल्या दोन वेगळ्या केल्या. बाकीच्यांचे फोटो दर रविवारी काढते आहे, खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता. पुण्याच्या भांडारकर संस्थेत २८,००० च्या आसपास हस्तलिखितं आहेत असं वाचलं, तिथे जाऊन एकदा दाखवून, साठवायच्या कशा ते विचारून यायचं आहे. एका पोथीच्या शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' असं आहे, आणि खाली शके १७९४ आणि एक नाव. नाव आमच्या घरातलं नाही. म्हणजे ही पोथी आजोबांना कुणीतरी दिली, किंवा त्यांच्या आजोबांना. १७९४ मध्ये ७८ मिळवले तर १८७२. कुणी तरी दुसरी पोथी समोर ठेवून ही उतरवली, 'जसं पाहिलं तसं लिहिलं' म्हणून सांगितलं, आणि ती आमच्या माळ्यावर आली.

आणि तुम्ही सोडवून दिलेल्या त्या पारा-गंधकाच्या ओळीवर मी लॅबमधून आल्यावर बसले. समभाग म्हणजे वजनाने समान असेल, तराजूच होता जुन्या वैद्यांकडे. पाऱ्याचा अणुभार २००.६, गंधकाचा ३२. म्हणजे सारखं वजन घेतलं तर गंधकाचे मोल (म्हणजे अणूंच्या संख्येचं माप) पाऱ्याच्या सहापटींहून जास्त होतात. मर्क्युरिक सल्फाइडला एकास एकच पुरे. इतका जादा गंधक घालून घोटलं तर मोकळा पारा उरायची शक्यता कमीच. त्यांना मोल माहीत नव्हता, पण पारा दिसेनासा होईपर्यंत घोटायचं हे माहीत होतं. मी हे वहीत लिहून ठेवलं, वर तारीख घातली. (कुणी घरी करून बघू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते, मी रोज त्याच्याशी खबरदारी घेऊनच वागते.)

रोज सकाळी 'नदी' चालवते आहे. कंपनीची बस सातला येते, त्याआधी गच्चीवर. आई खालून द्वितीया चुकली की सांगते. तिला जुन्या अकरावीतलं अजून आठवतं, हे मला २९ वर्षांत कळलं नव्हतं.

ताई, एकच विचारायचं राहिलं. त्याच पानावर पुढच्या ओळीत 'चुल्ल्यां' असं दिसतंय. मी 'नदी'सारखं चालवून पाहिलं: चुल्ली, चुल्ल्यौ, चुल्ल्यः… सप्तमीला 'चुल्ल्याम्' येतं. म्हणजे 'चुलीवर'?

---

सीना

हो. चुलीवर. अनुस्वार आहे म्हणजे पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असणार, तो पाहा आणि पूर्ण ओळ इथे टाका.